दोन हाका

गुरुनाथ आरोंदेकर कुणी हाक मारलेली नसतानाही 'ओ' द्यायचा.

मला हे पहिल्यांदा जाणवलं ते ग्लेनकूमच्या गुहेत. माझे आईबाबा पुण्याहून आले होते. डब्लिन बघून झालं, समुद्राकडचे कडे बघून झाले, आणि तिसऱ्या रविवारी काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात मी भूलतज्ज्ञ आहे. तिथल्या मराठी मंडळींत अशा वेळी एकच उत्तर असतं, "गुरुनाथला फोन कर, ग्लेनकूम दाखवेल." तो औषधांच्या कारखान्यात कामाला होता. मूळचा सिंधुदुर्गातल्या आरोंद्याचा, पण आयर्लंडात येऊन एकोणीस वर्षं झालेली. सगळ्यांनी शहरात फ्लॅट घेतले तेव्हा यानं तासाभराच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी, ग्लेनकूम या एका रस्त्याच्या गावात घर घेतलं. घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की डोंगरच लागतो, एवढंच कारण तो सांगायचा.

त्याची सहल ठरलेली असे. आधी छप्पर उडालेलं जुनं चर्च, मग नदीवरचा तीन कमानींचा पूल, मग गुहा, मग ब्रीडच्या टपरीवजा हॉटेलात चहा आणि स्कोन नावाचे गोड पाव, आणि ज्यांचे गुडघे साथ देतील त्यांच्यासाठी वर डोंगराच्या कुशीतलं तळं. त्या कुशीला तिथले लोक कूम म्हणतात. तीन बाजूंनी उभा काळा कडा आणि मधे तळं, जणू कुणी डोंगराला चमच्यानं कोरून काढलंय. माहिती तो छान सांगायचा, विनोदही करायचा. पण चालायचा कायम सगळ्यांच्या मागे. दर थोड्या वेळानं माणसं मोजायचा. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवायचा, आणि गुहेत कुणी प्रतिध्वनीसाठी तोंडाशी हात नेला की शांतपणे म्हणायचा, "नको. इथं ओरडायचं नाही."

गुहा ब्रीडच्याच घराण्याच्या मालकीची होती. साठीची, लाल गालांची बाई. स्वतःच टॉर्च घेऊन आत न्यायची. सगळ्यात आतल्या दालनात गेल्यावर ती एक मिनिट दिवे बंद करून खरा अंधार कसा असतो ते दाखवायची. त्या दिवशी तिनं दिवे घालवले. डोळ्यांसमोर हात धरला तरी दिसत नव्हता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. आणि माझ्या मागे, अगदी हलक्या आवाजात, गुरुनाथ म्हणाला, "ओ."

दिवे लागले. आईनं विचारलं, "कुणी बोलावलं का हो तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. "चला, पायाखाली बघा, ओलं आहे."

त्यानंतर ओळख वाढली तसं लक्षात येत गेलं. जेवताना तो मधेच घास थांबवून कान द्यायचा. गाडी चालवताना, काही नसताना, 'ओ' म्हणायचा. त्याची मुलगी स्मृती तिथल्याच शाळेत वाढलेली. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी. ती वहीतून डोकं वर न काढता म्हणायची, "डॅड, नोबडी कॉल्ड यू." कारखान्यातल्या लोकांनी त्याचे कान तपासायला लावले होते. कान उत्तम होते.

बाकीचं मला त्याच्या बायकोनं, सुलेखानं सांगितलं. सात वर्षांपूर्वी कारखान्यात जयेश नावाचा एकोणतीस वर्षांचा इंजिनिअर नवीन आला. देवगडचा. आपल्याकडचा मुलगा म्हणून गुरुनाथनं त्याला घरी आणलं, चार महिने तो माडीवरच्या खोलीत राहिला. गुरुनाथला दादा म्हणायचा. ऑक्टोबरातल्या एका रविवारी गुरुनाथनं त्याला सगळं गाव दाखवलं आणि दुपारी दोघं तळ्यावर गेले. तळ्याच्या वर, कड्यात, एक लहानशी गुहा आहे. पूर्वी कुणी साधू तिथे राहायचा म्हणतात. जयेशला ती बघायची होती. गुरुनाथचा पाय दुखत होता, तो खाली पायवाटेवरच्या खडकावर बसून राहिला. तेवढ्यात धुकं उतरलं. जयेश परत आला नाही. डोंगरावर शोध घेणाऱ्या स्वयंसेवकांना तो दुसऱ्या दिवशी सकाळी कड्याच्या तळाशी सापडला.

"गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी विचारलं, हॉस्पिटलात विचारलं, चौकशीत विचारलं," सुलेखा म्हणाली. "हा एकच सांगत राहिला, मला काही ऐकू आलं नाही. ते वर्ष संपलं आणि याला ऐकू यायला लागलं."

जयेशची आई, लताकाकी, गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात आली. तिची मुलगी अनुष्का डब्लिनला, सँडीफोर्डच्या एका कंपनीत नोकरीला लागली होती. लेकीकडे म्हणून लताकाकी आली. पण विमानतळावरून घरी जाताना गाडीतच तिनं सांगितलं म्हणे, माका ग्लेनकूमाक जावचां आसा. अनुष्का यायला तयार नव्हती. तिनं गुरुनाथला फोन केला, आणि गुरुनाथनं मला.

"तू चल," तो म्हणाला. "काकीला बीपी आहे. वर काही झालं तर डॉक्टर असलेली बरी."

त्याच्या आवाजावरून मला कळलं की डॉक्टर काकीसाठी नाही, त्याच्या स्वतःसाठी हवी होती.

काकी अडुसष्टची. बारीक, ताठ, नऊवारी नाही पण पाचवारी घट्ट खोचलेली, वर लेकीचं निळं रेनजॅकेट, पायात कॅनव्हासचे बूट. गाडीतून उतरून तिनं डोंगराकडे पाहिलंसुद्धा नाही. गुरुनाथ वाकून नमस्कार करायला गेला, तिनं पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही.

"तेणां जां जां बघल्यान तां माका दाखव," ती म्हणाली. "तेच वाटेन."

मग आम्ही त्याच वाटेनं गेलो. मी ही सहल चारदा केली होती, पण या वेळी प्रत्येक ठिकाणी काकी थांबायची आणि विचारायची, "हय तो काय बोललो?" चर्चच्या भिंतीत कोरलेला एक चेहरा आहे, झिजून नुसते डोळे राहिलेत. गुरुनाथ म्हणाला, "म्हणाला, दादा, ह्यो आमच्या हेडमास्तरासारखो दिसता." काकीनं त्या चेहऱ्यावर बोट फिरवलं. पुलावर म्हणाला, "इथे काही बोलला नाही. पाण्यात मासा बघत होता." काकी कठड्याला धरून पाण्यात बघत उभी राहिली, मासा दिसेपर्यंत. सात वर्षांपूर्वीची एकेक गोष्ट त्याला आठवत होती, आणि ते मला बरं वाटत नव्हतं. माणूस इतकं लक्षात ठेवतो ते रोज उजळणी केली तरच.

गुहेत ब्रीडला काकी कोण हे माहीत होतं. तिनं काकीचा हात दोन्ही हातांत धरला. आतल्या दालनात आल्यावर ती मला हळूच म्हणाली, "दिवे नाही घालवत मी आज." मी ते काकीला सांगितलं.

"तेच्या वेळाक घालवलेले?" काकीनं गुरुनाथला विचारलं.

"हो."

"मगे घालवूक सांग."

त्या एका मिनिटात मी गुरुनाथच्या 'ओ'ची वाट बघत राहिले. आला नाही. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि काकीचा तर तोही नाही.

चहाच्या टेबलावर काकीनं पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. चौकशीचा इंग्रजी अहवाल होता. कोपरे मऊ पडलेले.

"तू डॉक्टर आसस. अनुष्का म्हणता, तो पडलो आणि लगेच गेलो. हेच्यात तसां लिवलेलां आसा काय?"

मी वाचलं. गुरुनाथ कपाकडे बघत होता. दोन पानांत सगळं होतं: डोक्याला मार, बरगड्या, आतला रक्तस्राव. खोटं बोलणं सोपं होतं. आम्ही डॉक्टर लोक नातेवाइकांशी रोज थोडं थोडं ते करतो. पण ही बाई सात वर्षं न वाचता येणारे कागद जपून इथवर आली होती.

"लगेच नाही, काकी," मी म्हटलं. "वीस मिनिटं, कदाचित अर्धा तास. पण तो वाचला नसता. तिथे हॉस्पिटल असतं तरी वाचला नसता."

तिनं मान हलवली. "आणि ह्यां?" तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. कुणीतरी तिथे पेन्सिलनं खूण केली होती.

"सोबत असलेल्या व्यक्तीला कोणतीही हाक ऐकू आली नाही," मी वाचून दाखवलं.

काकीनं फाइल बंद केली. "चला वर," ती म्हणाली.

तळ्यापर्यंत तासाभराची चढण आहे. काकी आमच्यापुढे चालली. कोकणातल्या घाटीवर आयुष्य गेलेलं, तिला दमही लागला नाही. मेंढ्या बाजूला सरत होत्या. वरून ढग खाली येत होता, घाई नसल्यासारखा. आम्ही पोचलो तोवर कड्याचा वरचा अर्धा भाग दिसेनासा झाला होता आणि तळ्याचं पाणी काजळीसारखं काळं पडलं होतं. गुरुनाथ एका खडकापाशी थांबला.

"मी इथे बसलो होतो."

काकी त्या खडकावर बसली. मी जरा लांब उभी होते, पण कूमच्या आत एवढी शांतता असते की कुजबूजसुद्धा कड्याला लागून परत येते.

गुरुनाथ तिच्यासमोर गवतात बसला आणि मालवणीत बोलायला लागला. त्याच्या तोंडून मी ती भाषा कधी ऐकली नव्हती.

"काकी, माका हाक ऐकाक इल्ली."

"कितीदा?"

"दोनदा. दादा, म्हणून."

"आणि तू?"

"मी ओ देवक नाय."

मग तो सगळं सांगत गेला. धुकं असं होतं की स्वतःचे गुडघे दिसत नव्हते. उजेड तिन्हीसांजेसारखा झालेला. जयेश वर गेला होता, आणि हाक आली खालून, पाण्याच्या बाजूनं. आवाज त्याचा, पण नको तिथून आलेला. अंगावर काटा आला. लहानपणी आजी सांगायची, अवेळी हाक आली तर पहिलीला ओ देऊ नये, दुसरीलाही देऊ नये. जे माणूस नसतं ते दोनदाच बोलावतं. माणूस तिसऱ्यांदा बोलावतो.

"मी इंजिनिअर, काकी. पस्तीस माणसां माझ्या हाताखाली. आणि मी थंय दोनी हात तोंडार धरून बसलंय. तिसऱ्या हाकेची वाट बघलंय."

ती आली नाही. दहा मिनिटांनी तो भानावर आला आणि ओरडायला लागला. घसा बसेपर्यंत ओरडला. नंतर गार्ड समोर वही उघडून बसला तेव्हा हे इंग्रजीत कसं सांगावं ते त्याला कळलं नाही. काही ऐकलं नाही, असं म्हणून गेला, आणि एकदा म्हटल्यावर तेच म्हणत राहिला.

मी काकीजवळ सरकले. तिची नाडी बघावी असं वाटत होतं, पण हात लावायचं धाडस झालं नाही. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. ती काहीतरी मोजत असल्यासारखी दिसत होती.

"डॉक्टर म्हणता तो वाचलो नसतो," ती अखेर म्हणाली. "वाचलो नसतो, पण एकटो तरी नसतो."

गुरुनाथनं डोकं खाली घातलं.

"ह्यां मीच शिकवलंय तेका पण," ती म्हणाली. "दोन हाकांचां. आमच्या थंय सगळेच शिकवतत. तेका म्हायत होतां तू कित्या गप आसस. तरी तेणां तिसरी मारूक नाय." ती थांबली. "मारूक जमली नसतली."

ढग आता तळ्यावर आला होता. समोरचा काठ गेला, मग पाणी गेलं.

"सुलेखा सांगी होती, तुका अजून ऐकाक येता."

"येता."

"खंय?"

"खंयय. हय जास्ती."

तेव्हा काकी पुढे वाकली आणि तिनं त्याचं मनगट पकडलं. तिच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी फुटलं. "माका एकदाय नाय. सात वर्सां झाली. घरात दिवो लावून बसतंय, तेची खोली झाडतंय, तेच्या खाटेर निजतंय. स्वप्नातसुद्धा नाय. मी तेची आवस, आणि तो येता तुझ्याकडे."

मग तिनं मान वळवून धुक्यात पाहिलं.

"आता येता काय?"

आम्ही तिघांनीही कान दिला. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. ऑपरेशनच्या टेबलावर माणसं जाताना पाहिली आहेत, आणि त्यांच्यातली कुणी मागे राहिल्याचं मला कधी जाणवलेलं नाही. त्या धुक्यात मला एका मेंढीचा आवाज आला. कड्यावरून एखादा खडा सुटून पाण्यात पडल्याचा आवाज आला. त्यानंतर अजून एक आवाज आला. तो कशाचा ते मी सांगू शकत नाही, आणि त्यावर विचार करायचं मी टाळते.

"येता," गुरुनाथ म्हणाला.

"कसो आसा आवाज? दुखता काय तेका?"

तो ऐकत राहिला. "नाय, काकी. घरात जिन्यावरसून हाक मारी तसो. चाय झाली काय विचारूक."

ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. काकीनं डोळे मिटले आणि ती तशीच बसून राहिली, त्याचं मनगट धरून. खडकाचा गारवा माझ्या हाडांत शिरला तेव्हा मी म्हटलं की आता उतरायला हवं. उठताना ती त्याला म्हणाली, "तुका माफ करूक माका जमाचां नाय. तू तां मागू नको."

"नाय मागणार."

पुढच्या आठवड्यात गुरुनाथनं गार्डांना पत्र लिहून आपला जबाब दुरुस्त केला. महिन्यानं उत्तर आलं: पत्र मिळालं, फाइलला जोडलं आहे, निष्कर्षात बदल होत नाही. तेवढंच. मराठी मंडळाच्या सहली त्यानं बंद केल्या. लोक माझ्याकडे चौकशी करायचे, मी म्हणायची त्याचे गुडघे गेले.

पण काकी सुटली नाही, किंवा तिनं त्याला सोडलं नाही. सँडीफोर्डला होती तोवर, आणि देवगडला परतल्यावरही, दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. त्या वेळी गुरुनाथनं तळ्यावर असायचं, असं कुणी ठरवलं नव्हतं. पण तो असायचा. पाऊस असो, गारा असोत. तिथे खडकापाशी जेमतेम रेंज मिळते. ती विचारायची, आज इल्लो काय? तो सांगायचा. मग ती घरचं बोलायची: आंब्याला मोहोर आला, शेजारच्यांचा गोठा पडला. त्याला सांगायची की जयेशलाच सांगायची, ते गुरुनाथलाही कळायचं नाही.

सुलेखाला हे सहन होत नव्हतं. "हा बरा व्हायचाच नाही आता," ती मला म्हणाली. "याला बरं व्हायची परवानगीच नाही."

या मे महिन्यात एका रविवारी गुरुनाथनं मला वर बोलावलं. ऊन होतं. कडा लख्ख दिसत होता, साधूची गुहा म्हणजे एक साधं काळं भोक. तो खूप वाळला होता, पण त्याचा चेहरा शांत होता, झोप पुरी झालेल्या माणसासारखा.

"स्वरूपा, तुला डॉक्टर म्हणून सांगतो," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून येत नाही."

"काय येत नाही?"

"आवाज. आधी कमी झाला. मग बंदच. इथे येतो, तास तास बसतो. काही नाही. वारा फक्त."

मी काहीतरी बोलायला गेले, हे चांगलं लक्षण आहे वगैरे. त्यानं हातानं थांबवलं.

"काकीला काय सांगू?"

"आतापर्यंत काय सांगितलंस?"

"येतो म्हणून."

फेब्रुवारी ते मे. मी मनात रविवार मोजले आणि मोजणं सोडून दिलं. भूल देताना आम्ही माणसाला उलटे आकडे म्हणायला लावतो, आणि तो कुठल्या आकड्यावर हरवतो ते त्याला कधीच आठवत नाही. आवाज असाच हरवलाय हे काकीला कोण सांगणार होतं, मला माहीत नव्हतं. त्याला म्हणावं तरी काय? खरं सांग? मी त्या चहाच्या टेबलावर खरं सांगितलं होतं, आणि त्यातूनच हे सगळं निघालं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला नाही, पण कूममध्ये काही लपत नाही.

"इल्लो काय रे?" काकीचा आवाज बारीक झाला होता.

गुरुनाथनं माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकडे बघत राहिले.

"इल्लो, काकी."

"काय म्हणता?"

"नेहमीचांच."

मला वाटलं लाइन गेली. मग ती म्हणाली, "बरां. जेवलंस काय तू? आवाज उतरलो तुझो. जा आता घराक, उनाचो बसू नको थंय. जयेशाशी मी बोलतंय जरा. फोन तसोच ठेव."

गुरुनाथनं स्पीकर लावून फोन खडकावर ठेवला, पडदा वर करून, आणि आम्ही दोघं जरा लांब जाऊन उभे राहिलो. फोनमधून काकी बोलत होती. शब्द कळत नव्हते. आवाज पाण्यावरून जाऊन कड्याला लागत होता आणि परत येत होता, आणि मधल्या जागांत ती थांबत होती, समोरच्याचं ऐकून घ्यावं तशी.